घरात मोठं कोण आहे?

मी मोटार बोलतेय. रस्त्यावर पळणारी नव्हे, नळाला लावायची. अर्धा एचपी, रंग मूळचा निळा, सध्या गंजकट. आधीच सांगून ठेवते, मध्ये कुणी बोललेलं मला खपत नाही. आयुष्यभर आठवड्यातून एकदाच तोंड उघडायला मिळालं, त्यामुळं आता संधी मिळालीय तर मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म राजकोटचा. एका शेडमध्ये माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, वरून झाकण ठोकलं, एका माणसानं बटण दाबलं, मी घुर्र केलं आणि तो म्हणाला, "चालशे." झालं, संपलं माझं बालपण. त्याच संध्याकाळी मी कामाला लायक म्हणून खोक्यात बसले. माणसांना मोठं व्हायला वीस-वीस वर्षं लागतात आणि तरी खात्री नसते, हे मला पुढं मुकुंदवाडीत कळलं. आधी मला ती थापच वाटली.

क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात मी शोकेसमध्ये होते. दुष्काळाचं साल होतं. धरण तळाला गेलेलं, त्यामुळं दुकानदारानं मिक्सर मागं सरकवले आणि आम्हा मोटारींना पुढं मांडलं. तिथं एक दिवस सर्जेराव आले. चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर. माणूस असा, की 'हूं' आणि 'बरं' या दोन शब्दांत त्यांचा दिवस निघायचा. दुकानदार माझे गुण गात होता, तर यांनी एवढंच विचारलं, "ओढती का?"

"नळातलं काय घेऊन बसलात," दुकानदार म्हणाला, "शेजाऱ्याच्या नळातलं बी ओढती."

सर्जेराव म्हणाले, "बरं." आणि मी मुकुंदवाडीला आले.

तेव्हा शहर चहूकडं पसरत होतं. कालपर्यंत जिथं ज्वारी डोलायची तिथं रो-हाऊस उभे राहत होते, प्रत्येक फाट्यावर प्लॉटिंगच्या पाट्या. घरं वाढली, माणसं वाढली, जमिनीखालचा पाईप मात्र तोच. पाणी आठवड्यातून एकदा, तेही सकाळी दोनेक तास. आमच्या गल्लीचा वार गुरुवार. गुरुवारी पाहुणे बोलवायचे नाहीत, गुरुवारी दवाखान्यात जायचं नाही, जमलं तर गुरुवारी मरायचंसुद्धा नाही, असा गल्लीचा रिवाज होता.

नळाला थेट मोटार लावणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. गल्लीलाही माहीत होतं. महापालिकेचं पथक धाड घालून मोटारी उचलून न्यायचं, म्हणून मी सहा दिवस पलंगाखाली पोत्यात आणि गुरुवारी नळापाशी, असा माझा संसार. माझ्यामुळं शेजारच्या काकासाहेबांच्या नळाचं पाणी कमी झालं, तर त्यांनी चिडून थेट एक एचपीची मोटार आणली. काय तिचा तोरा. भिंतीपलीकडून अशी डरकाळी फोडायची, की माझी गुणगुण मलाच ऐकू येईना. मग पलीकडच्यांनी आणली, त्यांच्या पलीकडच्यांनी आणली. गल्लीच्या टोकाला भामाबाई एकट्या राहायच्या, त्यांनी मात्र आणली नाही. "नळ काय चोखायचा असतो का?" असं म्हणायच्या. मग त्यांच्या नळाला नुसती हवा यायची. दर गुरुवारी रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या आमच्या दारात भांडायला यायच्या, सर्जेराव मुकाट्यानं त्यांना आमच्या ड्रममधून दोन बादल्या द्यायचे, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

आता माझ्या नखऱ्याबद्दल सांगते. आठ दिवस रिकामी बसले की माझं आतलं चाक आखडतं. आधी पाठीमागून स्क्रूड्रायव्हर घालून मला हळूच फिरवायचं, मग तांब्याभर पाणी पाजायचं, मग पाठीवर एक थाप आणि थापेबरोबर बटण. थाप हळू पडली तर मी नुसती कण्हते, जोरात पडली तर रुसते. हे सगळं जगात एकट्या सर्जेरावांना जमायचं. त्यांचा मुलगा धम्मपाल जवळ आला की ते म्हणायचे, "लांब हो. तू ल्हान हाय अजून." धम्मपाल पाचवीत होता तेव्हाही हेच म्हणायचे आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेला तेव्हाही हेच.

हा धम्मपाल माझा फार लाडका, पण खरं सांगू, पोरगा म्हणजे नुसतं पुस्तक. कॉलेजात त्याला प्रकल्प मिळाला होता, मोठं होण्याच्या कथांवर. म्हणजे ज्यात एखादं पोरगं सुरुवातीला बावळट असतं आणि शेवटच्या पानावर शहाणं होतं, तसल्या गोष्टी. त्यानं ढीगभर वाचल्या. घरात वाचायला जागा नव्हती, म्हणून पलंगाखाली डोकं घालून माझ्याशेजारी आडवा पडायचा आणि मोठ्यानं वाचायचा. त्यामुळं मोठं होण्याच्या कथांवर माझाही बऱ्यापैकी अभ्यास झालाय.

त्याचा निष्कर्ष असा होता. अशा प्रत्येक गोष्टीत पोरगं घर सोडून जातं, मग प्रेमात पडतं, मग कुठल्या तरी मोठ्या पाण्याकाठी, शक्यतो समुद्राकाठी, एकटं उभं राहतं आणि त्याला काहीतरी उमगतं. प्रकल्पाच्या शेवटी सरांनी एक पान स्वतःच्या मोठं होण्यावर लिहायला सांगितलं होतं. आणि इथं आमच्या धम्मपालची गाडी अडली. "मोटारे," तो मला म्हणाला, "माझ्या आयुष्यात काही झालंच नाय गं. मी मोठा कसा होणार?"

मग त्यानं ठरवून मोठं व्हायला घेतलं.

एका रविवारी तो घर सोडून गेला. मुकुंदवाडी स्टेशन घरापासून चालत एवढ्याशा अंतरावर. तिथं बाकावर बसून आयुष्याचा विचार करत होता, तेवढ्यात आईचा फोन आला, "गिरणीतून दळण आण, लाईट जायच्या आत." घर सोडून गेलेला पोरगा ज्वारीचं पीठ घेऊन परत आला. आईला तो गेला होता हेही कळलं नाही.

मग प्रेम. वर्गात स्वरदा नावाची मुलगी होती. एवढे दिवस धीर गोळा करून हा तिच्याशी कॅन्टीनमध्ये बोलला. तिनं विचारलं, "तुमच्याकडं पाणी कधी येतं?" हा म्हणाला, "गुरुवारी." ती म्हणाली, "आमच्याकडं सोमवारी. आणि आईला बरं नसतं, त्यामुळं मी सोमवारी येतच नाही कॉलेजला." याचा गुरुवार गेला, तिचा सोमवार गेला, शनिवारी तास नसायचे, उरलेल्या दिवशी ती तास संपताच आईकडं पळायची. प्रेम जुळायच्या आधी वार जुळेनात. पुढं परीक्षा आली आणि ते प्रकरण मिटलं.

राहिला समुद्र. समुद्र कुठून आणायचा? हा सायकल मारत हर्सूलच्या तलावावर गेला. तर तलाव आटलेला. मधोमध थोडा चिखल आणि त्यात म्हशी. धम्मपाल काठावर उभा राहून काहीतरी उमगायची वाट बघत होता. एका म्हशीनं त्याच्याकडं बघितलं, यानं तिच्याकडं बघितलं, कुणालाच काही उमगलं नाही. शेवटी पठ्ठ्यानं प्रकल्पात खोटंच लिहिलं, की लाटांकडं बघताना मला जीवनाचा अर्थ कळला. सरांनी समासात लाल शाईनं विचारलं, "लाटा कुठल्या?"

त्यानंतर जूनमध्ये खरी गोष्ट घडली. धम्मपालनं हैदराबादच्या विद्यापीठात एम.ए.साठी प्रवेशपरीक्षा दिली होती, तिथं त्याचं नाव लागलं. पोराला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. पलंगाखाली येऊन मला सांगताना त्याचं डोकं दोनदा फळीवर आपटलं. पण सर्जेराव 'हूं'सुद्धा म्हणाले नाहीत. जेवताना म्हणाले, "घरची मोटार हाताळता येत नाय तुला, हैदराबाद काय हाताळशील?"

"तुम्ही हातच लावू देत नाय तर कशी येईल, बाबा?"

सर्जेरावांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "येत्या गुरुवारी जालन्याला लग्न हाय. मी आन् तुझी आई जातो. पाणी तू भर. एकट्यानं. वरची टाकी काठोकाठ भरली तर जा हैदराबादला. नाय भरली तर इथंच शीक."

गुरुवारी लग्न म्हणजे गल्लीच्या दृष्टीनं अधर्मच, पण मुहूर्त जालन्याच्या लोकांनी काढलेला, त्यांना आमच्या वाराचं काय.

गुरुवार उजाडला. घरात धम्मपाल, त्याची बाळंतपणाला आलेली बहीण रत्नमाला, आणि तिचं बाळ. बाळ बाहेरच्या खोलीत साडीच्या झोळीत निजलेलं. नळाला पाणी आलं तसा धम्मपाल घामाघूम. त्यानं मला नळाला जोडलं, स्क्रूड्रायव्हरनं फिरवलं, पाणी पाजलं, थाप मारली. मी कण्हले. पुन्हा मारली. मी रुसले. मुद्दाम नव्हे हो, मला त्याला मदतच करायची होती, पण स्वभावाला औषध नसतं. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले, आणि थाप अशी पडली, हुबेहूब बापाची. मी जी सुटले म्हणता. पलीकडची एक एचपी खाकरायच्या आत माझं पाणी वरच्या टाकीत पडायला लागलं होतं. धम्मपाल जिन्यावरून खाली-वर पळत टाकीत डोकावत होता. पाव भरली. अर्धी भरली. हैदराबाद अर्धं जवळ आलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "पथक आलं!"

सगळ्या गल्लीच्या मोटारी एका दमात गप्प झाल्या. धम्मपालनं मला उपटलं आणि गरागरा फिरला. पलंगाखालीच तर पथक आधी बघतं. मग त्याला झोळी दिसली. "ताई, बाळ घे!" रत्नमाला बाळ उचलून आतल्या खोलीत पळाली, आणि मी, राजकोटची लेक, झोळीत जाऊन पडले. वरून दुपटं. दाराशी पावलं वाजली तेव्हा धम्मपाल मला झोका देत उभा होता.

पथकात दोन पुरुष आणि एक बाई होत्या, आशाबाई. पुरुष नळाकडं गेले, पलंगाखाली वाकले. आशाबाई झोळीपाशी आल्या. "किती दिवसाचं हाय?"

"महिन्याचं," धम्मपाल म्हणाला.

"महिन्याचं?" त्यांनी झोळीला हात लावला. झोळी जमिनीला टेकायला आली होती. "लईच अंगानं भरलंय की. काय खाऊ घालू राहिले?"

धम्मपालनं झोका जोरात दिला. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या पोटातलं उरलेलं पाणी सुटलं. आता यात माझी काय चूक? तिरपं ठेवलं की गळणारच. झोळीतून फरशीवर धार लागली आणि थांबेच ना. आशाबाईंनी खाली बघितलं. "ओलं केलं वाटतं."

"लई पितं ते," धम्मपाल म्हणाला.

इतक्यात आतल्या खोलीत खरं बाळ रडलं. आशाबाईंनी आत बघितलं, झोळीत बघितलं, मग धम्मपालकडं बघितलं.

"जुळी हायेत," धम्मपाल म्हणाला.

मी झोळीत पडल्या पडल्या विचार केला, हे पोरगं हैदराबादला जायचं नाही, हे जेलला जाणार.

आणि दारात भामाबाई आल्या, नेहमीप्रमाणं कमरेवर रिकामी घागर, नेहमीप्रमाणं तोंड सुरू. "सर्जेराव, आज बी माझ्या नळाला थेंब नाय, तुमची ती..." आणि त्यांना पथक दिसलं. त्या जागीच थांबल्या. मी डोळे मिटले, म्हणजे मिटले असते. या बाईचं पाणी मी इतकी वर्षं ओढलं होतं. तिनं आता एक शब्द उच्चारला की माझा आणि धम्मपालचा निकाल लागणार होता.

आशाबाईंनी विचारलं, "आजी, यांच्याकडं मोटार हाय का?"

भामाबाईंनी झोळीकडं बघितलं, फरशीवरच्या पाण्याकडं बघितलं, धम्मपालच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडं बघितलं. "मोटार?" त्या म्हणाल्या. "यांच्याकडं मिक्सर बी धड चालत नाय. मोटार कुठली?"

"आन् हे बाळ?"

"जुळी झाली पोरीला. मीच न्हाऊ घालते रोज दोघांना. ह्यो थोरला, लई गुणाचा. रडत बी नाय."

भांडण गल्लीतलं, ते गल्लीतच ठेवायचं, पथकापुढं न्यायचं नाही. आमच्या गल्लीचा हाही एक रिवाज. पथकातले पुरुष कंटाळून दाराकडं निघालेच होते. आणखी थोडं गप्प राहिलं असतं तर जीप गेली असती, पाणी अजून तासभर होतं, टाकी सहज भरली असती. मी मनात म्हणत होते, धम्या, गप्प बस, काही बोलू नको.

धम्मपाल भामाबाईंच्या घागरीकडं बघत होता. घागर अजून त्यांच्या कमरेवरच होती, रिकामी. मग त्यानं पुढं होऊन दुपटं बाजूला केलं.

"मॅडम, बाळ नाय. मोटार हाय."

"ते कळलं रे," आशाबाई म्हणाल्या. "तरी म्हटलं, बाळाला वायर कशी."

भामाबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं बावळटा, मी एवढं खोटं बोलले ते काय पाण्यात गेलं का?"

"मावशी, तुमच्या घागरीत काहून पाणी नाय, ते तुम्हाला बी माहीत हाय," धम्मपाल म्हणाला. "मी इथं उभा राहून तुम्हाला खोटं बोलायला नाय लावू शकत."

आशाबाईंनी कागद काढला. "घरात मोठं कोण हाय? सही लागंल."

धम्मपालनं सवयीनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. रत्नमाला आतून बाळ घेऊन दारात आली होती, ती त्याच्याकडंच बघत होती. भामाबाईही त्याच्याकडंच बघत होत्या.

"मीच," तो म्हणाला, आणि सही केली.

जीपपर्यंत मला त्यानं स्वतः उचलून नेलं. वाटेत कानाशी पुटपुटला, "गोष्टीत अशा वेळी माणसाला काहीतरी उमगतं, मोटारे. मला तर नुसती भीती वाटू राहिली. बाबांना काय सांगू?" जीपमध्ये ठेवताना त्यानं माझ्या पाठीवर हळूच एक थाप दिली. मला रडू आलं, पण पोटातलं पाणी झोळीतच संपलं होतं.

तेव्हापासून मी या गोदामात आहे. इथं आम्ही जप्त झालेल्या मोटारींचा ढीग आहे. सगळ्या एकमेकींना आपापल्या घरच्या टाकीचे आकडे सांगतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपणच जास्त ओढलं. धम्मपालचं पुढं काय झालं हे मला कळेना. जिवाला घोर लागला होता. आणि गेल्या आठवड्यात दार उघडलं, धप्पकन माझ्याशेजारी कोण पडावं? काकासाहेबांची एक एचपी. तोरा पार उतरलेला. पण भिंतीपलीकडं राहून तिनं सगळं ऐकलं होतं, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिच्याशी गोड बोलले.

ती म्हणाली, त्या रात्री सर्जेराव लग्नाहून आले, नळापाशी गेले, माझी रिकामी जागा बघितली. वर जाऊन अर्धी टाकी बघितली. धम्मपालनं सगळं सांगितलं, जुळ्यांसकट. ते ऐकून आई तोंडावर पदर धरून हसत सुटली. सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सही कुणी केली?"

"मी."

"इंग्रजीत का मराठीत?"

"मराठीत."

"बरं," सर्जेराव म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जा मग हैदराबादला."

"टाकी नाय भरली, बाबा. आन् आता मोटार बी नाय. दोन-दोन तास नळापाशी बसावं लागंल. मी जात नाय, मी थांबतो."

"नळापाशी बसायला एम.ए. लागत नाय," सर्जेराव म्हणाले. "ते मी बघतो. तू जा."

आणि धम्मपाल गेला. स्टेशनवर बापानं पोराला काय सांगितलं ते एक एचपीला माहीत नाही, भिंत तिथवर पोचत नाही. पण त्यानंतरचं तिला सगळं माहीत आहे. आता दर गुरुवारी सर्जेराव सुट्टी टाकतात. पाणी आलं की पाट घेऊन नळापाशी बसतात, ड्रमात पाईप सोडतात आणि हैदराबादला फोन लावतात. धार करंगळीएवढी, ड्रम भरता भरत नाही. मी घुरघुरत असताना त्या नळापाशी कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता हा माणूस बोलतो. कंपनीत काय झालं, नातू कसा रांगतो, लग्नात जेवायला काय होतं. पोरगा तिकडं काय वाचतो ते विचारतो आणि कळलं नाही तरी शेवटपर्यंत ऐकतो.

एका गुरुवारी तर कहर झाला म्हणे. धम्मपालनं तिकडं वरण करपवलं होतं आणि सर्जेराव त्याला फोनवर फोडणी शिकवत होते, ज्यांनी स्वतः आजवर चहा केला नाही. ड्रम भरला, पाणी अंगणात आलं, अंगणातून गल्लीत गेलं, यांना पत्ता नाही. भामाबाईंच्या दारापर्यंत ओघळ पोचला, तशा त्या घागर घेऊन तणतणत आल्या. एवढ्या टंचाईत पाणी सांडणाऱ्याला त्या काय काय बोलल्या असत्या, देव जाणे. पण त्यांनी सर्जेरावांचं तोंड बघितलं आणि फोनकडं बोट करून हळूच विचारलं, "पोरगं?"

सर्जेरावांनी मान हलवली.

भामाबाईंनी नळ बंद केला नाही. ड्रममधला पाईप काढून आपल्या घागरीत सोडला, शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बोला, बोला. माझी भरू द्या."

मी मोटार आहे. पाण्याला इतका वेळ लागतो हे ऐकून माझं चाक फिरतं. माझ्या काळात हे सगळं चुटकीसरशी झालं असतं. तरीही तुम्हा सगळ्यांना हात जोडून एकच मागणं आहे, आणि हात नसताना जोडतेय तेव्हा ऐकाच. कितीही दया आली तरी सर्जेरावांना नवी मोटार आणून देऊ नका.